आटलेली विहीर मोडीत काढण्याआधी

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून नळयोजनेची जुनी विहीर आटली की आधी गाळ उपसून पाहावा. पुष्कळदा झरे चिखलाखाली बुजलेले असतात. तेवढ्याने भागलं नाही, तर तळाशी आडवे बोअर मारतात.

ढासळलेल्या दगडी बांधकामाजागी काँक्रीट घालताना झिरप्याच्या थरात भोकं ठेवायची, मागे गिट्टी भरायची. नाहीतर विहिरीची कोरडी टाकी होते! वर कठडा, जाळी, भोवती उताराचा ओटा. शेवटी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची.