विश्लेषण : हरणाच्या छातीतल्या गाठी शिकाऱ्याला काय सांगतात?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९९४ मध्ये एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गोवंशीय क्षयरोग आढळला. तेव्हापासून तेथे शिकारीतील हरणांची तपासणी होते.

रोग ओळखायचा कसा?
बाधित हरीण बाहेरून बहुधा धडधाकट दिसते. कोथळा काढताना फुप्फुसांत किंवा बरगड्यांच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढ्या पिवळसर गाठी दिसल्या, तर संशय घ्यावा.

माणसाला धोका आहे का?
आहे. २००४ मध्ये बाधित हरीण साफ करताना एका शिकाऱ्याचे बोट कापले आणि त्याच जखमेतून त्याला संसर्ग झाला.

मग काय करावे?
हातमोजे घालावेत. गाठी कापू नयेत, मांस खाऊ नये. वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवावे. गाठी नसल्या तरी डोके तपासणीला द्यावे. सुरुवातीचा रोग तिथल्या लसिका ग्रंथींत लपलेला असतो.