उसन्या गड्यांचा संघ

बोर्ली पंचतनच्या संघाने एका स्पर्धेपुरते दिवेआगरचे गडी मागून आणले, तर ते खेळतील उत्तम. परंतु सोबत्याच्या मनातली चाल त्यांना कशी उमगावी? २०१४ साली इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या हंगामात मुंबई सिटीचे इंग्रज व्यवस्थापक पीटर रीड यांच्यापुढे असाच पेच होता. स्पर्धेतले अनेक भारतीय खेळाडू आय-लीगच्या संघांकडून उसने घेतलेले. १२ ऑक्टोबरला कोलकात्यात ०–३ असा पराभव. सहा दिवसांनी पुण्यावर ५–० असा विजय. अखेरीस आठांत सातवा क्रमांक! सारी स्पर्धा दहा आठवड्यांत आटोपली. हंगाम सरताच उसना गडी मूळ संघाकडे परततो आणि जुळत आलेला मेळ मोडतो. म्हणून व्यवस्थापकाच्या माथी दोष मारण्यापूर्वी त्याला लाभलेले दिवस मोजावेत, हे न्याय्य होय.