विश्लेषण : सर्व्हर सुरू, केबलही जोडलेली, तरी काम कासवगतीने का?

रात्री ११ वाजता सुरू झालेला बॅकअप सकाळी कार्यालय उघडले तरी संपलेला नसतो. सर्व्हर ‘पिंग’ला उत्तर देतो, कार्डावरचा हिरवा दिवाही लुकलुकत असतो. मग ‘मशीन जुने झाले, नवे घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र नव्या मशीनचा खर्च मंजूर करण्यापूर्वी एक साधी तपासणी करायला हवी. नेटवर्क कार्ड किती वेगाने आणि कोणत्या डुप्लेक्सवर चालते आहे?

वेग आणि डुप्लेक्स म्हणजे काय?

कार्ड आणि स्विच यांच्यात एका सेकंदाला किती माहिती जाऊ शकते, तो झाला वेग. तो साधारणपणे १०, १०० किंवा १००० मेगाबिट असतो. नव्या सर्व्हरवर त्याहूनही जास्त. माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाऊ शकते की नाही, हे डुप्लेक्सवरून ठरते. वॉकीटॉकीवर एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते, तो हाफ डुप्लेक्स. फोनवर दोघे एकदम बोलू शकतात, तो फुल डुप्लेक्स.

वेग घसरला तर किती फरक पडतो?

१००० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात, १०० मेगाबिटवर केवळ साडेबारा. म्हणजे कागदावर ४५० गिगाबाइटचा बॅकअप पहिल्या जोडणीवर एका तासात होईल, दुसरीवर त्यालाच १० तास लागतील. रात्री ११ला सुरू झालेले काम सकाळी ९ला संपेल.

डुप्लेक्स जुळले नाही तर?

वेग कमी असेल तर तो आकड्यात दिसतो. डुप्लेक्सचा घोळ मात्र लपून राहतो. १९९५च्या ‘फास्ट इथरनेट’ मानकाबरोबर ‘ऑटो-निगोशिएशन’ आले. यात दोन्ही टोके आपापसात ठरवून सर्वोत्तम वेग व डुप्लेक्स निवडतात. पण सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचे एकमेकांशी नीट जुळत नसे. त्यामुळे ‘१०० फुल’ अशी सेटिंग हाताने पक्की करण्याची सवय अनेक तंत्रज्ञांना लागली.

अडचण होते ती एक टोक पक्के आणि दुसरे ऑटोवर असते तेव्हा. पक्के टोक वाटाघाटीत भाग घेत नाही. ऑटोवरचे टोक सिग्नलवरून वेग ओळखते, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही. अशा वेळी मानकाप्रमाणे ते हाफ डुप्लेक्स धरते. म्हणजे एक बाजू वॉकीटॉकीवर, दुसरी फोनवर! ‘पिंग’ची पाकिटे छोटी आणि मोजकी असल्याने ती निभावतात. मोठी फाइल निघाली की पाकिटांची टक्कर होते, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि काम रखडते.

कोणती कमांड वापरायची?

लिनक्सवर ‘आयपी लिंक’ या कमांडने कार्डाचे नाव मिळते. मग ‘एथटूल’ लिहून त्यापुढे ते नाव द्यायचे, उदाहरणार्थ ‘एथटूल ईटीएच०’. उत्तरात स्पीड, डुप्लेक्स, ऑटो-निगोशिएशन आणि लिंक डिटेक्टेड या चार ओळी पाहाव्यात. वेगापुढे ‘अननोन’ आले, तर बहुधा लिंकच नाही.

इतर युनिक्सवर कमांड बदलते. सोलारिस ११वर ‘डीएलएडीएम शो-फिज’ सर्व कार्डांचा तक्ता देते. एआयएक्सवर ‘एंटस्टॅट -डी ईएनटी०’ दिल्यावर ‘मीडिया स्पीड रनिंग’ ही ओळ शोधावी. फ्रीबीएसडीवर ‘आयएफकॉन्फिग’च्या उत्तरात ‘मीडिया’ या ओळीत सगळे मिळते. ही माहिती नुसती पाहिल्याने चालू काम बिघडत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसणारा वेग मात्र नावापुरता असतो. तिथे ज्या मूळ सर्व्हरवर ते मशीन चालते, त्याचे कार्ड तपासावे.

फक्त सर्व्हर पाहून भागते का?

नाही. सर्व्हर ‘फुल’ म्हणत असताना स्विचचा पोर्ट ‘हाफ’वर असू शकतो. त्यामुळे दोन्ही टोके पाहावीत. ‘एथटूल -एस’ आणि कार्डाचे नाव दिल्यास चुकांचे आकडे मिळतात. हाफ बाजूला ‘लेट कोलिजन’ आणि फुल बाजूला ‘सीआरसी’ चुका वाढताना दिसल्या, तर डुप्लेक्स जुळत नसल्याचा तो ठळक पुरावा.

दोन्हीकडे ऑटो असूनही वेग १००वर अडकला असेल तर संशय केबलवर घ्यावा. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्रिम्पिंग सैल असले, तरी अनेक कार्डे कमी वेगावर काम चालू ठेवतात. नव्या सर्व्हरच्या किमतीपुढे नवी पॅच केबल म्हणजे किरकोळ खर्च.

दुरुस्ती करताना काय काळजी घ्यावी?

सामान्यतः दोन्ही टोके ऑटोवर ठेवणे योग्य. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटसाठी तर १९९९च्या मानकाने ऑटो-निगोशिएशन अनिवार्यच केले आहे. काही कारणाने सेटिंग पक्की करावीच लागली, तर दोन्हीकडे सारखीच करावी आणि तशी नोंद ठेवावी.

सेटिंग बदलताना लिंक क्षणभर तुटते. दुरून लॉगिन करून हे केले आणि लिंक परत आली नाही, तर सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून कन्सोल हाताशी असताना, गर्दीची वेळ टाळूनच बदल करावा. शिवाय ‘एथटूल’ने केलेला बदल सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर टिकत नाही. तो नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्येही नोंदवावा लागतो. अन्यथा पुढच्या रिस्टार्टनंतर तीच तक्रार पुन्हा येते.