आफ्रिकेतील तरुण नवउद्योजक : बीजभांडवल, ॲक्सिलरेटर आणि निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :
आफ्रिका खंडातील तरुण उद्योजकासमोरील पहिली अडचण बहुधा कल्पनेची नसून भांडवलाची असते. बँकेला तारण लागते, आणि तारण ठेवण्याजोगी जमीन वा घर पंचविशीतील तरुणाच्या नावावर क्वचितच असते. ही पोकळी भरून काढण्यासाठी गेल्या दीड दशकात तेथे प्रामुख्याने दोन प्रकारच्या व्यवस्था पुढे आल्या. एक ॲक्सिलरेटरची, तर दुसरी परतफेड नसलेल्या अनुदानाची. दोहोंत पैसा मिळतो. तथापि त्यांमागील गृहीतके भिन्न आहेत.

ॲक्सिलरेटरचे गणित :
ॲक्सिलरेटर म्हणजे ठरावीक मुदतीचा, बहुधा तीनेक महिन्यांचा कार्यक्रम होय. मोजक्या उद्योगांची निवड करावयाची, भागभांडवलातील हिश्शाच्या बदल्यात रक्कम द्यावयाची, मार्गदर्शन करावयाचे आणि शेवटी त्यांना गुंतवणूकदारांसमोर उभे करावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. अमेरिकेतील वाय कॉम्बिनेटर या संस्थेने २०१६ मध्ये पेस्टॅक ही ऑनलाइन देयकांचा व्यवहार पाहणारी कंपनी निवडली; तेथे प्रवेश मिळालेली ती पहिली नायजेरियन कंपनी. त्या काळी ही संस्था ७ टक्के हिश्शासाठी १,२०,००० डॉलर देत असे. २०२० मध्ये स्ट्राइप कंपनीने पेस्टॅक विकत घेतली तेव्हा २० कोटी डॉलरहून अधिक किमतीची वार्ता होती. असे एखादे यश अनेक अपयशांची भरपाई करते, आणि त्यामुळेच वेगाने प्रचंड वाढू शकणाऱ्या उद्योगांवरच ॲक्सिलरेटरची दृष्टी खिळलेली असते. कानो शहरातील शिवणकामाचा कारखाना कितीही नेटका चालला, तरी तो या गणितात बसत नाही. शिवाय परकीय गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी अनेक कंपन्यांची नोंदणी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात होते. काम लागोसमध्ये, मालकी मात्र सातासमुद्रापार.

अनुदान व यूविनचा अनुभव :
अनुदानाच्या वाटेवर खाजगी क्षेत्रातील ठळक नाव टोनी एलुमेलू प्रतिष्ठानचे. नायजेरियन बँकव्यावसायिक एलुमेलू यांनी २०१० मध्ये ते स्थापन केले. दहा वर्षांत १०,००० उद्योजकांसाठी १० कोटी डॉलर, असा संकल्प करून २०१५ पासून त्याचा उद्योजकता कार्यक्रम सुरू झाला. आफ्रिकेतील ५४ देशांतील अर्जदारांना तो खुला असून निवड झालेल्यास प्रशिक्षण, मार्गदर्शक व ५,००० डॉलर बीजभांडवल मिळते.

अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र नायजेरिया शासनाची २०११ ची ‘यूविन’ स्पर्धा अधिक मोलाची ठरते. चाळीस वा त्याहून कमी वयाच्या नागरिकांसाठीच्या या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत सुमारे २४,००० अर्ज आले. सर्वोत्तम ठरलेले काही आराखडे थेट निवडले गेले. उरलेल्या १,८४१ उपान्त्य स्पर्धकांतून ७२९ विजेते यादृच्छिक पद्धतीने, एका अर्थी चिठ्ठ्या टाकून, ठरविण्यात आले. प्रत्येकास सरासरी ५०,००० डॉलर मिळाले, तेही कामाची प्रगती पाहून हप्त्याहप्त्याने. निवड यादृच्छिक असल्यामुळे विजेते व वगळलेले यांची खरी तुलना शक्य झाली.

डेव्हिड मॅकेन्झी यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर, नव्याने उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या विजेत्यांचा व्यवसाय चालू असण्याची शक्यता इतरांहून ३७ टक्केबिंदूंनी अधिक होती. दहा वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांचे प्रमाणही विजेत्यांत वीसहून अधिक टक्केबिंदूंनी जास्त आढळले. हा परिणाम मुख्यतः यंत्रसामग्री घेता आली व माणसे नेमता आली यामुळे घडला.

याच स्पर्धेच्या माहितीवरून मॅकेन्झी व दारिओ सॅन्सोन यांनी काढलेला दुसरा निष्कर्ष महाविद्यालयीन स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणाऱ्यांना काहीसा अस्वस्थ करील. परीक्षकांनी आराखड्यांना दिलेल्या गुणांचा तीन वर्षांनंतरच्या विक्रीशी, नफ्याशी वा रोजगाराशी संबंध दिसला नाही. मशीन लर्निंगच्या पद्धतीही साध्या प्रारूपांहून फारशा सरस ठरल्या नाहीत. मोजक्यांना हेरण्यावरच ज्या व्यवस्थेचा डोलारा उभा आहे, तिच्यासाठी ही बाब गंभीर होय.

तथापि यूविनचा दाखला देऊन ५,००० डॉलरच्या अनुदानाचे समर्थन करणे सयुक्तिक ठरणार नाही. यूविनची रक्कम त्याच्या दहापट होती. तेवढ्या रकमेत यंत्रेही येतात आणि कामगारांचे काही महिन्यांचे पगारही निघतात. ५,००० डॉलरमध्ये बहुधा दोहोंपैकी एकच साधते.