लढाई कागदावरची (लेखांक ६) : सिद्ध कोणी करायचे?

मागच्या लेखांकात आपण अपंगत्व पेन्शन नाकारल्यावरच्या पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाचा मार्ग पाहिला. दोन्ही अपिले फेटाळली गेली की माजी सैनिक सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे येतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तिथला निकाल समजून घ्यायचा तर मेडिकल बोर्डाचा अहवाल उघडून एका रकान्यावर बोट ठेवावे लागते. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले का, किंवा सेवेमुळे वाढले का, असा तो प्रश्न. समोर ‘नाही’ लिहिलेले असते आणि कारणाच्या जागी पुष्कळदा एवढेच, की आजार प्रकृतिजन्य आहे, सेवेशी संबंध नाही. या एका ओळीवर पेन्शन अडते. माझे म्हणणे असे, की ही ओळ म्हणजे कारण नव्हेच, तो नुसता निष्कर्ष आहे. आणि नुसत्या निष्कर्षावर जवानाला परत पाठवणे नियमात बसत नाही.

धरमवीर सिंह १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. १९९४ मध्ये, आकडीच्या आजारामुळे २० टक्के कायमचे अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवले गेले. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाचे मत पडले आणि पेन्शन नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २ जुलै २०१३ रोजी निकाल देताना न्यायालयाने १९८२ चे पात्रता नियम समोर ठेवले. भरतीच्या वैद्यकीय कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असे धरायचे. पुढे प्रकृती ढासळून त्याला काढावे लागले, तर ते सेवेमुळे झाले असे मानायचे. तसे नाही म्हणायचे असेल, तर ते सरकारने दाखवायचे. दावेदाराकडे पुरावा मागायचा नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. यात मेहेरबानी कसली आली? भरतीच्या मैदानावर छाती, डोळे, कान, गुडघे तपासून लष्करानेच त्याला निवडले. पुढची प्रत्येक तपासणी लष्कराच्या दवाखान्यात झाली, आणि तो कोणत्या उंचीवर किती महिने राहिला याची नोंदही लष्कराच्याच कपाटात आहे. कागद ज्याच्या हाती, सिद्ध करणेही त्याच्याच माथी असायला हवे.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. न्यायाधीश डॉक्टर नसतात. बोर्डाच्या तज्ज्ञ मताला त्यांनी हात का लावावा? २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच हा धोका दाखवला. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसेलच असे नाही, म्हणून नोंद नाही एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे आपोआप ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने दावा नाकारला. मला हा निकाल धरमवीर सिंह निकालाच्या विरोधात वाटत नाही. आजार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता असे डॉक्टरांचे मत असेल, तर तेच त्यांनी कारणासह अहवालात लिहावे, असे १९८२ च्या नियमांतच अपेक्षित होते. तसे लिहिले तर न्यायाधिकरणापुढे तपासायला काहीतरी असते. कारण लिहायचे नाही आणि वर तज्ज्ञ मताचा मान मागायचा, हे पटणारे नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि गैरफायद्याचा. रक्तदाब, मधुमेह शहरी कारकुनालाही होतो, मग पेन्शन कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर त्या-त्या जवानाच्या कागदात शोधावे लागते. वजन कमी करा असे बजावूनही त्याने ऐकले नाही, तर तशी नोंद दाखवा. रकमेचाही हिशेब करून पाहू. १०० टक्के अपंगत्वाला अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे २० टक्क्यांना ६. मूळ वेतन ३०,००० असेल तर महिना १,८००. २० टक्क्यांऐवजी ५० टक्के धरण्याची सवलत लागू झाली तर ४,५००. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरवले. एवढ्या रकमेसाठी सरकार सैनिकाविरुद्ध दिल्लीपर्यंत अपिले लढवत राहिले. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अपिले मागे घ्या, असेच सुचवले होते.

उशिराची झळ मात्र जवानालाच बसते. तरसेम सिंह १९८३ मध्ये अपंगत्वामुळे बाहेर पडले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. पेन्शन मिळाली, पण थकबाकी याचिकेआधीच्या तीनच वर्षांची, असे २००८ मध्ये ठरले. त्याआधीची सारी वर्षे बुडाली. म्हणून अहवालाची प्रत हातात पडली की तो रकाना त्याच दिवशी वाचावा, आणि भरतीच्या तपासणीचा कागदही मागून घ्यावा. सप्टेंबर २०२३ पासून नियमही बदलले आहेत आणि काहींसाठी ‘अपंगत्व पेन्शन’ हा शब्दच गेला आहे. त्या नव्या नियमांत सिद्ध करण्याचा भार कोणाकडे सरकला, ते पुढच्या लेखांकात पाहू.