गडकऱ्यांचा रिकामा चौथरा

गडकऱ्यांच्या स्मृतिदिनासाठी लेख हवा, असं संपादक म्हणाले. नाटकांवर आजवर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते पुण्याच्या संभाजी उद्यानातल्या त्यांच्या अर्धपुतळ्यावर आणि तो गेल्यावर मागे उरलेल्या चौथऱ्यावर.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५चा, नवसारीतला. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गेले, शिक्षण अर्धवट सुटलं आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. कविता ‘गोविंदाग्रज’ या नावानं, विनोद ‘बाळकराम’ या नावानं. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयानं गेले, तेव्हा वय अवघं ३३. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. त्यातली सिंधू बालगंधर्वांनी अजरामर केली आणि त्यांच्या नावाचं रंगमंदिर उद्यानापासून चार पावलांवर, त्याच जंगली महाराज रस्त्यावर उभं आहे.

१९६२ साली आचार्य अत्र्यांच्या हस्ते या पुतळ्याचं अनावरण झालं. अत्रे स्वतःला गडकऱ्यांचे शिष्य म्हणवत; गुरूला त्यांनी नाट्यगृहाबाहेर, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आणि दिवाळीत किल्ले बघायला येणाऱ्या पोरांच्या गर्दीत आणून बसवलं.

३ जानेवारी २०१७ च्या पहाटे तो पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. संभाजी ब्रिगेडनं जबाबदारी स्वीकारली. ‘राजसंन्यास’ या नाटकात गडकऱ्यांनी संभाजी महाराजांची बदनामी केली, हा आक्षेप. नंतर शोधाशोध करून पुतळा नदीतून काढण्यात आला, पण पुढे वर्षानुवर्षे चौथरा रिकामाच राहिला.

आक्षेपात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. जुन्या बखरींनी संभाजी महाराजांचं जे काळंकुट्ट चित्र रंगवलं, त्याची छाया गडकऱ्यांच्या त्या अपुऱ्या नाटकावर आहे. पण ते चित्र पुसलं कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी. दशकानुदशकं कागदपत्रं धुंडाळून त्यांनी १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कमल गोखले यांनी ते काम आणखी नेटानं केलं. बखरीतलं विधान घ्यायचं, ते समकालीन पत्राशी ताडून पाहायचं, तारीख जुळत नसेल तर बाजूला ठेवायचं. हे काम किती चिवट, हे दफ्तरात बसलेल्यालाच कळतं. गडकऱ्यांना मिळालेलं सगळ्यात कडक उत्तर हेच आहे, आणि त्यासाठी कुणाला पहारीची गरज पडली नाही.

आता पुतळा परत बसवायचा म्हटलं तर काय काय करावं लागतं? सार्वजनिक जागी नवा पुतळा उभारायचा तर स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. शिल्पकार आधी सांगाड्यावर ओली माती चढवतो, ती तडकू नये म्हणून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवतो. याच अवस्थेत तज्ज्ञ येऊन कपाळ, नाक, हनुवटी न्याहाळतात. मग प्लास्टरचा साचा, मेणाची प्रत आणि शेवटी ओतीव धातू. गडकऱ्यांचा चेहरा तर आणखी अवघड: तो ३३ वर्षांचाच राहिला. कवी म्हटलं की हात सुरकुत्यांकडे वळतो. इथे तरुण माणूस घडवायचा आहे.

तरीही माती आणि धातूची अडचण सुटण्यासारखी आहे. अडतं ते ठरावाशी. नाट्य आणि साहित्यक्षेत्रातून मागणी पुन्हा पुन्हा झाली, पण बसवला तर बंदोबस्त किती दिवस, पुन्हा तोडला तर जबाबदार कोण, निवडणुकीच्या तोंडावर हा विषय काढायचा कुणी, या प्रश्नांपाशी चर्चा थबकते. मला काळजी वाटते ती याचीच. पुतळा तोडणारे मूठभर होते. तो परत न बसवण्यात मात्र सगळं शहर सामील होतं.

संभाजी महाराजांविषयीचा आदर आणि गडकऱ्यांविषयीचं प्रेम एकाच पुणेकराच्या मनात सुखानं नांदू शकतं. ‘राजसंन्यास’ पटत नसेल तर त्यावर लिहा, सभा घ्या, बेंद्रे वाचा आणि इतरांना वाचायला द्या. महापालिकेनं मात्र ठराव करून, सन्मानानं आणि भरदिवसा, गडकऱ्यांना त्यांच्या चौथऱ्यावर बसवावं.