जुन्या मोटारीचा ताठपणा

नेरहून यवतमाळास किंवा अमरावतीस जुन्या मोटारीतून जाताना खळग्यात दार करकरले, की आपण बिजागरीला दोष देतो. बिजागरी बिचारी पुष्कळदा निर्दोष असते. सांगाडाच पिळला जात असतो आणि त्याबरोबर दाराची चौकट तिरपी होते.

हा पीळ समजण्यास मोठी विद्या नको. कॅलेंडर गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची नळी दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती दाद देत नाही. मग तिला लांबीने एक उभी चीर द्यावी. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढेच. पण आता ती सहज पिळली जाते. २५ मिलिमीटर त्रिज्येची, २.५ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला सुमारे ३०० पट ताठ ठरते. ताठपणा पत्र्याच्या जाडीपेक्षा बंद आकारात अधिक असतो, तो असा.

जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, तशी चासी नाही. तळ, खांब, छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. त्यात दाराखालच्या दोन पोकळ पेट्या फार मोलाच्या. त्यांत पाणी-चिखल साचतो, आतून गंज चढतो, खालचा सांधा उलतो. आपल्या नळीला चीर पडली!

यावर कोणी लांबी भरून रंग देतात, कोणी खाली जाड अँगल ठोकतात. पहिली निव्वळ फसवणूक; दुसऱ्याने वजन वाढते आणि अँगलच्या टोकाशी जुना पत्रा फाटतो. गंजका भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याने पेटी पुन्हा बंद करावी, हे बरे. मात्र कापण्याआधी गाडी समतल टेकवून दाराच्या चौकटीत तात्पुरते नळ सांधावेत, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. नाहीतर गाडी मधोमध खचते व नवा पत्रा तो बाकच कायम करतो. पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नयेत. नीटनेटकेपणाच्या हौसेने ती हमखास बुजवली जातात.

मूळच्यापेक्षा अधिक ताठ करण्याचा मोह होतो. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपात हवी. चासी वा सांगाड्यात मोठा फेरफार चालत नाही. शर्यतीच्या गाडीसारखे आडवे नळ कायमचे सांधण्यापूर्वी मालकाने याचा विचार करावा. काम झाल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मापावेत आणि ते कापण्यापूर्वी टिपलेल्या मापांशी ताडून पाहावेत.